ज्याचं एकच पान, त्याची दोनदा तपासणी

श्रीमती इंदुमती शेलार यांची आणि माझी पहिली भेट एका बायोडेटावरून झाली. मी लोणंदचा. बारावीनंतर आयटीआयला गेलो, ते अर्ध्यात सोडलं. कोयनानगरला एका कँटीनमध्ये वर्षभर राहिलो, मग सांगलीत हळदीच्या गोदामात, मग एका पिकअपवर. साताऱ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात माणसं घेताहेत असं कळलं, म्हणून बायोडेटा टाइप करून घ्यायला मी ताईंच्या दुकानात शिरलो. दुकान रस्त्यापासून तीन पायऱ्या खाली आहे. पाटीवर ‘अक्षरजुळणी’ एवढंच लिहिलेलं. तिथे झेरॉक्स होत नाही, लॅमिनेशन होत नाही, हे खाली उतरल्यावर कळतं. पण उतरलोच होतो.

ताईंनी कागद वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“ह्यातली मधली दोन वर्षं कुठं गेली?”

“फिरत होतो.”

“मग ‘फिरत होतो’ लिहू?”

“तसं लिहिल्यावर नोकरी देतील का, ताई?”

“नाही देणार. पण गाळलीस तर वाचणारा पहिल्यांदा तीच शोधणार. कुठं कुठं फिरलास ते सांग.”

मी सांगितलं. पिकअपवरून खतं, कांदे, पत्रे, एकदा तर लग्नाचा मांडव घेऊन माणपासून वाळव्यापर्यंत सगळे रस्ते पालथे घातले होते. ताईंनी ते सगळं नीट दोन ओळींत बसवलं. नोकरी मिळाली नाही. ते त्यांना सांगायला मी आठवड्याने परत गेलो. खरं म्हणजे सांगायची काही गरज नव्हती, पण बस सुटायला वेळ होता. त्या प्रुफांचा गठ्ठा घेऊन बसल्या होत्या. नोकरीचं ऐकून घेतलं आणि विचारलं, “ह्या भागातली गावं तुला माहीत आहेत ना? मग ही नावं बघ. एकाच नावाची दोन-दोन गावं आहेत, कुठलं कोणत्या तालुक्यातलं ते मला लावून दे.” त्या दिवशीची बस चुकली. त्याला आता चार वर्षं होतील.

ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात जाणकार मंडळी त्यांच्या मुद्रणकलेबद्दल लिहिणारच आहेत. तो माझा अधिकार नाही. मी त्यांच्याकडे एकच काम शिकलो, पुस्तकाच्या मागे सूची कशी करायची ते. तेवढ्यावरच लिहितो.

ताई मूळच्या सांगलीच्या. त्यांचे वडील तिथल्या एका छापखान्यात मशिनवर होते. सोळाव्या वर्षी ताई त्याच छापखान्यात खिळे जुळवायला बसल्या. ज्यांनी खिळे पाहिले नसतील त्यांच्यासाठी सांगतो, मीही ते ताईंच्या दुकानातच पाहिले, बिस्किटाच्या एका जुन्या डब्यात त्यांनी थोडे ठेवले आहेत. एकेक अक्षर शिशाचं, सुटं, उलटं. लाकडी खणांतून ते उचलून ओळ लावायची. लग्न होऊन साताऱ्याला आल्यावर इथल्या छापखान्यात त्यांनी तेच केलं. पुढे खिळे गेले, संगणक आले, बरोबरीची माणसं घरी बसली. ताईंनी पन्नाशीच्या आसपास संगणक घेतला. आणि साठीला आल्या तेव्हा, हे मला विशेष वाटतं, चालू असलेलं सॉफ्टवेअर सोडून त्यांनी दुसरं शिकायला घेतलं, कारण पहिल्यात सूची मनासारखी होत नव्हती. इंग्रजी त्यांचं दहावीपुरतं. तरी एकेक आज्ञा करून बघायची आणि ती काय करते ते मराठीत वहीत लिहून ठेवायचं, अशा त्यांच्या दोन वह्या भरल्या आहेत.

त्यांच्या संगणकावर काम करताना पान दिसत नाही. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं बिघडलाय. नुसता मजकूर, त्यात मध्येमध्ये कंस आणि आज्ञा. पान नंतर तयार होऊन येतं. ताईंना त्यात काही नवल वाटत नाही. त्या म्हणतात, खिळ्यांचंही तसंच होतं, काय हवं ते आधी सांगायचं, आणि कसं झालं ते छापल्यावर बघायचं.

मी गेलो तेव्हा जे पुस्तक चाललं होतं ते रंगराव वस्तादांचं होतं. वस्ताद सांगलीकडच्या एका गावात तालीम चालवतात. वय तेव्हा ब्याऐंशी. सातारा-सांगलीच्या तालमी, पैलवान आणि कुस्त्या यांची माहिती त्यांनी आयुष्यभर वह्यांत लिहून ठेवलेली. कोणाची जोड कोणाशी लागली, कुठल्या फडात, कोणत्या डावावर निकाल लागला, सगळं. ज्या दिवशी ते वह्यांची पिशवी घेऊन दुकानात आले त्या दिवशीचं बोलणं ताईंनी मला अनेकदा सांगितलंय.

“ताई, मागं समद्यांची नावं पायजेत. पान नंबर घालून. मानसानं पुस्तक हातात घेतलं की पयलं सोताचं नाव हुडकलं पायजे.”

“एका सूचीत नाही भागायचं, वस्ताद. तीन कराव्या लागतील. पैलवानांची एक, तालमींची एक आणि डावांची एक.”

“डावांची कशाला? पुस्तकात बघून कुनी ढाक शिकनार हाय व्हय?”

“शिकणार नाही. पण कुणी कुणावर मारली ते सापडेल.”

वस्ताद खूश झाले. आतापर्यंत बायकांनी कुस्तीत एवढं डोकं घातलेलं बघितलं नव्हतं, असं काहीसं म्हणाले. ताई म्हणाल्या, मी कुस्तीत नाही, पुस्तकात घालतेय.

एका पुस्तकात तीन सूच्या कशा होतात ते सांगतो. आधी फाइलच्या सुरुवातीलाच सॉफ्टवेअरला सांगायचं, बाबा रे, तुला तीन सूच्या करायच्या आहेत, ह्यांची नावं ही. मग मजकूर वाचत जायचं. पैलवानाचं नाव आलं की त्याला चिकटून एक खूण लिहायची आणि ती कुठल्या सूचीची ते तिच्यातच सांगायचं. ढाक आली, डावाची खूण. तालीम आली, तालमीची. कुठल्या सूचीची ते सांगायला विसरलात तर ती खूण गुपचूप पहिल्या सूचीत जाऊन बसते. माझ्याकडून पहिल्या आठवड्यात असे बरेच डाव पैलवानांत जाऊन बसले. कलाजंग आणि पोकळ घिस्सा हे दोघे जणू कुणाचे भाऊ असावेत असे नावांच्या रांगेत उभे होते. या खुणा छापलेल्या पानावर दिसत नाहीत. पण जुळणी चालवली की सॉफ्टवेअर त्या गोळा करतं, तीन ढीग करतं, प्रत्येक ढीग अकारविल्हे लावतं आणि प्रत्येकापुढे पानाचा आकडा टाकतं. एकदा चालवून होत नाही. दुसऱ्यांदा चालवावं लागतं, तेव्हा सूच्या पुस्तकात येऊन बसतात.

पहिल्यांदा पैलवानांची सूची आली तेव्हा सगळेच्या सगळे ‘प’खाली आले होते. कारण वस्तादांनी वहीत प्रत्येकाच्या आधी ‘पै.’ लावलेलं. आपल्याकडे पैलवानाला पैलवान म्हटल्याशिवाय कोण हाक मारतो! वस्तादांना विचारलं, पै. काढू का? ते म्हणाले, “आवं, असं कसं? निम्म्या लोकांच्या घरला जाऊन मला माफी मागावी लागंल.” मग ताईंनी प्रत्येक खुणेत दोन नावं लिहिली, क्रम लावण्यासाठी नुसतं नाव आणि दाखवण्यासाठी ‘पै.’सकट. माणूस ज्याच्या-त्याच्या अक्षराखाली गेला आणि मानही राहिला. आडनाव आधी घ्यायचं की नाव, यावरही त्यांनी दोन दिवस विचार केला. मोठ्या पुस्तकांत आडनाव आधी असतं म्हणे. ताईंनी मला विचारलं, “फडात लोक काय म्हणून विचारतात?” मी म्हटलं, नाव आणि गाव. मग तसंच केलं.

आता त्यांच्या एका नियमाबद्दल. तो नियम त्यांनी कुठे लिहून ठेवलेला नाही. सूची तयार झाली की त्या लाल पेन घेऊन बसतात आणि ज्याच्या नावापुढे एकच आकडा आहे त्या प्रत्येकावर टिंब देतात. तेवढी नावं त्या दोनदा तपासतात. माणूस हयात असेल तर त्याच्यापर्यंत कुणाला तरी पाठवून मजकूर वाचून दाखवतात. मी विचारलं होतं, ह्यांचंच का? म्हणाल्या, “ज्याच्यापुढे दहा आकडे आहेत त्यातला एक चुकला तर नऊ उरतात. ज्याचा एकच आहे तो चुकला तर तो माणूस पुस्तकात नाहीच.”

अशा एका टिंबासाठी त्यांनी मला माझ्याच गावी पाठवलं. पै. म्हादबा मदने, लोणंद, पान ३१२. प्रूफ बघून मी चाट पडलो. म्हादबा मदने आमच्या बाजारात हमाल होते. लहानपणापासून मी त्यांना पोती उचलताना बघितलेलं. ते पैलवान होते हे मला साताऱ्यात बसून कळलं.

म्हादबा घरासमोर बसले होते. सत्तरी उलटून गेलेली, डोळ्यांत पडदा आलेला. त्यांच्या पत्नी हौसाबाई चहा घेऊन आल्या.

“रंगराव वस्तादांच्या पुस्तकात तुमचं नाव आहे,” मी म्हटलं.

“त्ये हायत अजून?”

“आहेत. तुमची कुस्ती लिहिलीय. अण्णासाहेबांबरोबरची.”

म्हादबा माझ्या बाजूला सरकले. मग म्हणाले, “वाच की.”

मी वाचलं. यात्रेचा फड होता. ही जोड ठरलेली नव्हती, अण्णासाहेबांच्या समोरचा पैलवान आला नाही म्हणून म्हादबांना उभं केलं. अण्णासाहेब तेव्हा गाजलेले, म्हादबांना कुणी ओळखत नव्हतं. ढाकेवर म्हादबांनी अण्णासाहेबांना चितपट केलं. अकराव्या मिनिटाला, असं वहीत होतं.

“अकरा न्हाई रं. लय येळ लागला हुता. पाऊन तास झाला आसंल. पर असू दे, वस्तादांनी लिवलंय.”

“पुढं का नाही खेळलात?”

“खुराक कोन घालनार? फेटा मिळाला, नारळ मिळाला. दुसऱ्या दिशी बाजारात आलो, पोती उचलाया.” मग म्हणाले, “पुस्तकात ऱ्हातंय न्हवं पर हे? का नुसतं वाचून दावाया आलायस?”

“राहतंय. पान तीनशे बारा.”

अण्णासाहेब हे त्यांचं खरं नाव नाही, पण तालुक्यात सगळे ओळखतील म्हणून बदललंय. मोठं प्रस्थ आहे, आणि वस्तादांच्या पुस्तकाच्या छपाईचा भार त्यांनीच उचलला होता. (अकरा मिनिटांचं ताईंनी वस्तादांना विचारलं. त्यांनी वही काढून बघितली तर आकडा वरच्या ओळीतल्या कुस्तीचा निघाला. दुरुस्ती केली.) प्रुफांची एक प्रत अण्णासाहेबांकडेही गेली होती. पंधरा दिवसांनी ते स्वतः दुकानात आले. पायऱ्या उतरून, टोपी सावरून, स्टुलावर बसले. बोलणं अगदी अदबीचं.

“ताई, सूची बघितली. झकास झालीया. एकच करा. त्या मदन्याचं नाव तेवढं काढा सूचीतनं.”

“का बरं?”

“पुस्तकातली कुस्ती ऱ्हाऊ द्या. मी काय खोटं लिवा म्हनत न्हाई. पर लोक पुस्तक वाचत न्हाईत, मागनं उघडत्यात. माझ्या नावाफुडं अकरा पानं हायत. त्यातलं त्ये एक कोन धुंडाळत बसतंय? मदन्याफुडं एकच हाय. त्यो ज्यानं काढला, त्यो सरळ तिथंच जानार.”

ताई मला नंतर म्हणाल्या, सूची कशी वाचतात हे इतकं नेमकं आजवर मला कुणी सांगितलं नव्हतं. पण त्या वेळी त्यांनी एवढंच सांगितलं, “पुस्तक वस्तादांचं आहे. त्यांना विचारते.”

तिसऱ्या दिवशी वस्ताद आले. अण्णासाहेब त्यांनाही भेटले होते. नाव राहिलं तर छपाई आपल्याला जमणार नाही, असं हसत हसत सांगून गेले होते. वस्तादांनी कपाला हात लावला नाही. चहा निवला.

“ताई, एका नावानं काय बिघडतंय? कुस्ती पानावर हायच की. ह्या वयात ह्या पुस्तकाबिगर माझ्याकडं दुसरं काय हाय सांगा. मी गेलो की वह्या बी रद्दीत.”

मला वाटलं ताई आता वाद घालतील. घातला नाही. माझ्याकडे वळून म्हणाल्या, “पान तीनशे बारा काढ. वस्तादांना वाचून दाखव.”

मी वाचलं. शेवटी वस्तादांचेच शब्द होते. ‘पंच मी होतो. दोन्ही खांदे मातीला टेकलेले मी वाकून पाहिले. फडात अण्णांच्या गावची माणसे जास्त होती. मी म्हादूचा हात वर केला.’

“पुन्यांदा वाच.”

पुन्हा वाचलं.

“दगडं आली हुती त्या दिशी फडात,” वस्ताद म्हणाले. “एक हितं लागला.” त्यांनी कानामागे हात लावला. “तवा हात खाली घेतला न्हाई.” मग काठी शोधली, उठले. “ऱ्हाऊ द्या नाव. अण्णाला मी सांगतो.”

अण्णासाहेबांचं उत्तर फोनवर आलं. “मग तुमचं तुमी बघा.” बस्स. पुढे ते कधी वाईट बोलल्याचं ऐकलं नाही. आलेही नाहीत.

आता पुस्तक छापायचं कसं? वस्तादांच्या तालमीतले जुने पठ्ठे, त्यांतले निम्मे फौजेतून निवृत्त झालेले, त्यांनी आपसांत प्रती वाटून घेऊन पैसे आगाऊ भरायचं ठरवलं. सांगलीचा छापखानावाला म्हणाला, पानं कमी करून द्या, मग जमवतो. पाचशे चाळीस पानं होती. ताईंनी अक्षर थोडं बारीक केलं, ओळींमधली जागा आवळली, फोटो शेवटी एकत्र घेतले. चारशे बासष्ट पानांत पुस्तक बसलं. पानं सगळी बदलली, म्हणजे तिन्ही सूच्यांतले आकडेही बदलले. पण खुणा मजकुरात असल्यामुळे त्याचं काही वाटायचं कारण नव्हतं. मजकूर जिथे जाईल तिथे खूण त्याच्याबरोबर जाते. ताईंनी आज्ञा दिली, दोनदा जुळणी चालवली. तालमी बरोबर आल्या. डाव बरोबर आले. ताई लाल पेन घेऊन पैलवानांच्या सूचीवर बसल्या आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, “इकडे ये. पुस्तक चारशे बासष्टला संपतं ना?”

“हो.”

“मग हा पाचशे सातला काय करतोय?”

हे लिहायला मला बरं वाटत नाही, पण ताईंबद्दल लिहायचं तर टाळता येत नाही. खुणा घालायचा मला कंटाळा आला होता. एका नावासाठी किती कंस उघडायचे, किती मिटायचे. म्हणून शेवटच्या पाच-सहा वह्यांच्या मजकुरात मी पैलवानांच्या खुणा घातल्याच नव्हत्या. तयार पान बघून नाव आणि आकडा एका वेगळ्या यादीत हाताने टाइप केला होता आणि ती यादी सूचीत मिसळली होती. छापून तेच दिसत होतं. पानं होती तशी राहिली असती तर कुणाला कधीच कळलं नसतं. आता पानं सरकली आणि माझे आकडे होते तिथेच राहिले. ताईंनी टिंबांची नावं तपासायला घेतली. म्हादबा मदने, ३१२. पान ३१२ काढलं. त्यावर बदाम, थंडाई आणि तूप किती खावं ते होतं.

छपाईला आठवडा उरला होता. ताईंनी चष्मा काढून पुसला.

“मी सतरा वर्षांची असताना,” त्या म्हणाल्या, “सांगलीला एका शाळेच्या अंकाची चार पानं जुळवून ठेवली होती. खिळ्यांभोवती दोरी नीट बांधली नाही. उचलताना सगळे खिळे जमिनीवर. कुणी बघितलं नव्हतं. मी छापखान्यातल्या मांजरावर ढकललं.”

“मग?”

“फोरमननी चार पानं परत जुळवायला बसवलं. मांजराबद्दल एक शब्द बोलले नाहीत. पण मांजराचं दूध चार दिवस बंद झालं. तेवढं मला अजून लागतं.” मग माझ्याकडे बघून विचारलं, “तू कुणावर ढकलणार होतास?”

“सॉफ्टवेअरवर.”

“म्हणजे मांजरच.”

सहा दिवस आम्ही तो सगळा मजकूर पुन्हा वाचला. मी खुणा घालायचो, त्या तपासायच्या. सकाळी दहाला सुरू, संध्याकाळी सहाला बंद. एवढी घाई असताना जास्त बसू म्हटलं तर म्हणाल्या, दमून केलेलं काम दुसऱ्या दिवशी पुन्हा करावं लागतं, त्यापेक्षा घरी जाऊन जेव. हाताने टाइप केलेला एकही आकडा उरला नाही याची खात्री करायला त्यांनी शेवटी एक युक्ती केली. पुस्तकाच्या सुरुवातीला दोन कोरी पानं घातली आणि जुळणी पुन्हा चालवली. तिन्ही सूच्यांतला प्रत्येक आकडा दोनाने वाढला. मग ती पानं काढून टाकली. वस्तादांना यातलं काही कळवलं नाही. श्रेयनामावलीत ‘सूची-साहाय्य’ म्हणून माझं नाव घातलं, मला न विचारता. मी नको म्हणालो तर म्हणाल्या, “सहा दिवस काम केलंस ना? मग तेवढं खरं आहे.”

मी पुन्हा लोणंदला गेलो. आता टिंबासाठी नाही, ताईंनी सांगितलं होतं म्हणून. आधी एक आकडा सांगितला आहे, तो बदलला तर सांगायला हवं.

“म्हादबा, पान बदललंय. दोनशे सदुसष्ट झालंय.”

“मानूस त्योच हाय न्हवं?”

“तोच.”

“मग झालं की. येवढ्यासाठी यष्टीनं आलास व्हय? चहा घे.”

प्रकाशन वस्तादांच्या तालमीतच झालं. भाषणं होती, हार होते, माईक खरखरत होता. ताईंना स्टेजवर बोलावलं तर त्या तिसऱ्या रांगेतून उठल्याच नाहीत. म्हणाल्या, माझं काम मागच्या पानांवर आहे, मी मागेच बरी. म्हादबा आणि हौसाबाई लोणंदहून रेल्वेने आले होते. पुस्तकं वाटली, आणि अण्णासाहेब म्हणाले होते तेच झालं. शंभरएक माणसांनी पुस्तक मागून उघडलं. कुणी पहिलं पान बघितलंच नाही. जिकडेतिकडे बोटं ओळींवरून खाली जाताना दिसत होती, आणि मग पानं उलटायचा आवाज.

म्हादबांना काही दिसेना. डोळ्यांत पडदा होताच, त्यात आम्ही अक्षर बारीक केलेलं. ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी वाचून दाखवायला पुढे झालो तर हौसाबाईंनी पुस्तक माझ्या हातात दिलं नाही.

“नुसतं नाव दाव. कंची वळ?”

मी ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी नावाकडे बघितलंच नाही, पुढचा आकडा बघितला. अक्षरं त्यांना येत नाहीत. आकडे येतात, यष्टीच्या पाट्यांवरून, गोण्यांवरून शिकलेले. बोट जिभेला लावून त्या एकेक पान उलटत गेल्या, पानाच्या खालचा आकडा बघत. दोनशे पन्नास. दोनशे साठ. चुकून पुढे गेल्या, परत आल्या. मग थांबल्या, म्हादबांचा हात धरला आणि त्यांचा पंजा पानावर ठेवला.

“हितं हायसा तुमी.”

म्हादबांनी हात बराच वेळ तिथेच ठेवला. ताई कधी मागे येऊन उभ्या राहिल्या मला कळलं नाही. त्यांनी वाकून आकडा बघितला, पान बघितलं, आणि चहा कुठे मिळतोय ते विचारत निघून गेल्या.

ताईंचं एका डोळ्याचं ऑपरेशन मागच्या हिवाळ्यात झालं, दुसऱ्याचं व्हायचंय. गुडघे कुरकुर करतात. तरी सध्या त्यांच्यापुढे दोन पुस्तकं आहेत, एकात चार सूच्या आहेत. त्यांचे डोळे त्यांना साथ देवोत, प्रकृती ठणठणीत राहो आणि लाल पेन हातात घेऊन बसण्याची त्यांची सवय शंभरी ओलांडून पुढे जावो, ही आम्हा सर्वांची मनापासून इच्छा. हा लेख लिहितोय असं लोणंदला सांगितलं तेव्हा हौसाबाईंनीही निरोप दिला. माझ्यापेक्षा तो बरा आहे, म्हणून तसाच देतो.

“त्या बाईस्नी म्हनावं, लय जगा.”